पडेल ते धाकटीचं

धाकटीने कपटा खालच्या ओठावरून फिरवला आणि तिचा हात तिथेच थांबला.

ही तिची जुनी खोड. कागदाचा कुठलाही तुकडा चिकटवण्याआधी ती त्याची कड एकदा ओठावरून ओढून बघायची. वर्षानुवर्षं खळीत बुडून बोटं बथ्थड झाली होती, त्यांच्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. ओठाने मात्र तिला कधी फसवलं नव्हतं. कटरच्या पात्याने कागद कापला की पातं ज्या बाजूने बाहेर पडतं तिथे कडेला बारीक उभार येतो. डोळ्यांना तो दिसत नाही, ओठाला लागतो. थोरलीच्या प्रत्येक कपट्याला तो असायचा, आणि इतका एकसारखा असायचा की धाकटीने डोळे मिटूनही बहिणीचं काम ओळखलं असतं.

या कपट्याला उभार नव्हता. हा कात्रीने कापलेला होता.

आणि ताई कात्रीला हात लावत नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. मुलाखत घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ती स्वतःच ते ठासून सांगायची. कात्री कागदाला चावते, पातं कागदाशी बोलतं, असं काहीबाही. धाकटी शेजारी बसून मान डोलवायची आणि मनात म्हणायची, बोल बाई, तुझंच राज्य आहे.

राज्य खरंच ताईचंच होतं. त्याची सुरुवात आईच्या मोठ्या टेबलापाशी झाली होती. आई लोकांचे कपडे शिवायची. कापड बेतायची वेळ आली की थोरलीला टेबलाशी उभं करायची, खडू तिच्या हातात द्यायची, पुढे पुढे कापूही द्यायची. धाकटी लहान, तिची लुडबुड नको म्हणून तिला टेबलाखाली बसवलेलं. ती रडायला लागली की आई वरून म्हणायची, "अगं, पडेल ते धाकटीचं." मग वरून चिंध्या पडायच्या आणि खाली बसलेली धाकटी त्यांची घरं, झाडं, माणसं मांडत बसायची. आईने हे पोरीला गप्प करण्यासाठी ठरवलं असणार. पण दोघींनी तेच पुढे आयुष्यभर चालवलं. कापडाच्या जागी कागद आला एवढंच.

ताई कागदाच्या एकाच अखंड तावातून शिल्प कापायची. डिंक नाही, जोड नाही, टाचणीसुद्धा नाही. कापायचं, दुमडायचं, उभं करायचं. त्यातून जे काही खाली पडेल, अगदी नखाएवढा कपटासुद्धा, ते सगळं खालच्या मजल्यावर धाकटीकडे यायचं आणि ती त्याचं कोलाज करायची. दोन्ही कामं शेजारी शेजारी मांडायची. दोन्ही मिळून बरोबर एक ताव, कमी नाही की जास्त नाही. लोक तेवढ्यासाठी लांबून यायचे. ताईच्या शिल्पापुढे हात मागे बांधून गप्प उभे राहायचे. मग कोलाजकडे वळून विचारायचे, "आणि हे उरलेल्यातून?" उरलेल्यातून हा शब्द ऐकून ऐकून धाकटीच्या कानाला घट्टे पडले होते.

या वेळचं शिल्प होतं आईची शिलाईमशीन. खऱ्या मापाची, टेबलासकट, खालच्या पायडलसकट. धाकटीच्या कोलाजमध्ये तीच मशीन खालून दिसत होती, टेबलाखाली बसलेल्या पोरीला दिसायची तशी. पायडलवर आईची दोन पावलं, एक पुढे, एक मागे. पावलांच्या बाजूची गोल जागा अजून मोकळी होती. चाकातून पडलेले कपटे तिने तिथे लावायचे ठरवले होते आणि ते सगळ्यात शेवटी हातात आले होते. प्रदर्शन उद्या उघडणार होतं. दालनाची गाडी आज दुपारीच येणार होती.

धाकटीने डब्यातला दुसरा कपटा उचलला, ओठाला लावला. कात्री. तिसरा, कात्री. मग तिने आधीच्या डब्यातला, मशीनच्या मानेतून पडलेला एक जुना कपटा घेतला आणि दोन्ही तावातल्या मूळ दिशेने शेजारी शेजारी तळहातावर ठेवून त्यांच्यावर तोंडाने गरम वाफ सोडली. कापडासारखंच कागदालाही उभं-आडवं असतं. ओल लागली की तो आपल्या आडव्या अंगाने वळतो, त्याच्यात बदल होत नाही. जुना कपटा लांबीत वळला. नवा रुंदीत वळला.

म्हणजे हा कपटा त्या तावातलाच नव्हता. कुणीतरी दुसऱ्या कागदाचे तुकडे मापात कापून तिच्या डब्यात टाकले होते, तिला कळू नये म्हणून.

गेल्या काही आठवड्यांतल्या गोष्टी आता तिला एकापाठोपाठ एक आठवायला लागल्या. वरच्या खोलीचं दार बंद असायचं. ताई चहाचा कप अर्धाच भरून घ्यायची. बाजाराची यादी दाजी लिहायला लागले होते. आणि ताईचा उजवा हात सतत एप्रनच्या खिशात असायचा. हे सगळं तिने पाहिलं होतं आणि पाहून सोडून दिलं होतं. थोरल्या बहिणीकडे नीट बघायची सवयच नसते धाकट्यांना, त्यांचा सगळा जन्म थोरलीने आपल्याकडे बघावं या खटपटीत जातो.

ती डबा घेऊन जिना चढली. चढताना तिच्या मनात जे पहिलं आलं ते काही फार चांगलं नव्हतं. ताईला काय झालं, हे नंतर आलं. आधी आलं ते, आता माझं काय.

वर दाराबाहेर दाजी स्टुलावर बसले होते. निवृत्त झाल्यापासून ते या घरातले रखवालदार, आचारी आणि हमाल होते. मनाने सज्जन, पण खोटं बोलायचं म्हटलं की त्यांचा डावा कान लाल व्हायचा.

"मेव्हणीबाई, आत नका जाऊ. कागदाला हवा लागते म्हणते ती."

"दाजी, कात्री कुणी आणली?"

"कसली कात्री?" दाजी म्हणाले, आणि कान टोमॅटोसारखा लाल झाला.

"सरका."

दाजी सरकले. त्यांनाही कुणीतरी आत जावं असं वाटत असावं, कारण त्यांनी स्टूलसुद्धा उचलून बाजूला ठेवलं.

आत खिडक्या बंद होत्या. मधोमध, पांढऱ्या फळीवर, आईची मशीन उभी होती. धाकटी क्षणभर डबाबिबा सगळं विसरली. मानेचा बाक, रिळाची खुंटी, सुईच्या खालची ती छोटी पट्टी, टेबलाच्या कडेला झिजलेली जागा जिथे आई कोपर टेकायची. सगळं एका कागदाचं. वरच्या छोट्या चाकावरून वादीची अरुंद पट्टी निघून टेबलातून खाली मोठ्या चाकापर्यंत आली होती. आणि मोठं चाक खालच्या कडेला किंचित बाहेर वळलं होतं. बाकी कुणाला ते दिसलं नसतं. दिसलंच तर छान वाटलं असतं.

"कुणी सांगितलं तुला वर यायला?" ताई खिडकीपाशी उभी होती. उजवा हात खिशात.

"हे चाक या कागदाचं नाहीये."

"उगाच काहीतरी."

"चिकटवलंयस तू ते."

ताई आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाला कळणार नाही."

"मला कळलं."

"तुला कळलं म्हणजे जगाला कळलं का?"

धाकटीने डबा फळीवर ठेवला. जुना आणि नवा असे दोन कपटे काढले, ताईच्या नाकासमोर धरले आणि त्यांच्यावर वाफ सोडली. एक लांबीत वळला, एक रुंदीत. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. कागद कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण कागद खाली पडला की त्याचं पुढे काय होतं याकडे तिने आयुष्यात लक्ष दिलं नव्हतं. ते काम धाकटीचं होतं.

"उद्या त्या दालनात एवढी माणसं श्वास घेणार," धाकटी म्हणाली. "वरून दिवे. चाक एकीकडे ओढणार, वादी दुसरीकडे. भाषणं संपायच्या आत जोड सुटेल, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि पाटीवर काय लिहिलंय? अखंड. बिनजोड. लोक पुढे या मशीनबद्दल नाही बोलणार, ताई. आजवरच्या सगळ्याच कामांत कुठे कुठे डिंक होता ते शोधत बसतील."

ताई स्टुलावर बसली. बसताना हात खिशातून बाहेर आला आणि धाकटीने तो पाहिला. नुसता मांडीवर ठेवलेला हात आपल्या आपण थरथरत होता. ताईने त्यावर दुसरा हात दाबून धरला.

"उन्हाळ्यापासून आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवलंय. गोळ्या घेतल्या की कमी होतं. जात नाही म्हणे. मशीन सगळी उतरली होती, चाकही होत आलं होतं. शेवटचा आरा राहिला होता. आणि हात उडाला. चाकाच्या मधल्या तुंब्यातून आरपार गेलं पातं. चाक खाली पडलं." ती थांबली. "कात्री दोन्ही हातांनी धरता येते. म्हणून दुसऱ्या कागदातून चाक काढलं. ते लावलं. मग कपटे मोजून तुझ्यासाठी तेवढेच कापले."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय होणार होतं? माझं कापणं थांबलं की तुझ्याकडे काय पडणार?" ताईने वर पाहिलं. "तू काय करशील, छोटे?"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. केस पांढरे झालेल्या बाईला अजून टेबलाखाली बसवून ठेवलं होतं हिने. वरून खोटे कपटेसुद्धा टाकले, पोरगी रडू नये म्हणून. तिला काहीतरी जहरी बोलायचं होतं, शब्द तोंडाशी आले होते. पण जिना चढताना आपल्या मनात काय आलं होतं ते तिला आठवलं, आणि ती मूग गिळून उभी राहिली. ताईने तेच तर विचारलं होतं.

खाली हॉर्न वाजला.

दाजींनी दारातून डोकं आत घातलं. "गाडी आलीय. दालनवाल्या बाई स्वतः आल्यात. बरोबर दोन हमाल."

"थांबवून ठेवा," धाकटी म्हणाली.

"काय सांगू?"

"काहीही सांगा. खोटं सोडून."

दाजी गेले. जिन्यावरून त्यांचा आवाज यायला लागला. हा जिना आधी लाकडी होता, मग लोखंडी केला, त्यात सुताराशी कसं वाजलं, असं रामायण त्यांनी सुरू केलं होतं. आणि ते सगळं खरं होतं.

"हे चाक काढायचं," धाकटी म्हणाली.

"चाक नसलेली मशीन पाठवू?"

"जोड लावलेल्या मशीनपेक्षा बरी. नियम तुझाच आहे. खरं चाक कुठाय?"

ताई उठली. कपाटाच्या वरच्या फळीवरून तिने एक चपटी पेटी काढली. त्यात टिश्यू पेपरच्या घडीत मोठं चाक होतं, एक सोडून सगळे आरे कापलेलं, आणि मधून आरपार गेलेला तो वाकडातिकडा चिरा. भोवतीचे खरे कपटेही तिथेच होते. "टाकवेना," ताई म्हणाली.

"टाकायचं कशाला? पडेल ते कुणाचं?"

ताईने पेटी तिच्या हातात दिली. मग टेबलावरचं कटर उचलून ती मशीनपाशी गुडघ्यावर बसली.

जोड दोन जागी होता. एक वादीच्या टोकाला, तिथे चाक डिंकाच्या एका ठिपक्याने टेकवलेलं होतं. दुसरा तुंब्यापाशी, आणि तो वाईट होता. मशीनच्या पायातून कागदाची एक जीभ बाहेर आली होती, तिच्यावर चाकाचा तुंबा चिकटवला होता. वरचा कागद कापायचा आणि खालच्या जिभेला लागू द्यायचं नाही. जीभ कापली गेली तर पाय सुटणार, पाय सुटला तर टेबल बसणार, आणि टेबलाबरोबर सगळी मशीन.

ताईने पातं वादीपाशी नेलं. ते कागदापर्यंत पोचेपर्यंत थरथरत राहिलं. तिने हात मागे घेतला, श्वास घेतला, पुन्हा नेला. पात्याचं टोक कागदावर टकटक वाजायला लागलं. धाकटीला ते बघवेना. आजवर या खोलीत तिने ताईला कागद खोडताना, फाडताना, रागाने भिंतीवर फेकताना पाहिलं होतं. चुकायला घाबरताना कधी पाहिलं नव्हतं.

ताईने कटर उलटं केलं आणि मूठ तिच्याकडे धरली.

"मला नाही जमायचं," धाकटी म्हणाली. "मी कधी तुझ्या तावाला पातं लावलेलं नाही."

"लावू दिलं नाही मी. धर."

धाकटी खाली बसली. जिन्यावर दाजी आता रंगाऱ्यापर्यंत पोचले होते आणि बाईंचा आवाज चढला होता.

"आधी वादी," ताई तिच्या खांद्यामागून म्हणाली. "पातं पेन्सिलीसारखं नको धरू, आडवं कर. आता श्वास सोड. सोडताना काप. घेताना कापायचं नाही."

धाकटीने श्वास सोडला आणि कापलं. वादी सुटली, थोडी डोलली आणि सरळ लोंबत राहिली. चाक एका अंगाला कललं आणि त्याचा सगळा भार जिभेवर आला. पायाची घडी किंचित उघडली.

"हात लाव चाकाला, डावा," ताई म्हणाली. "उचलून धर. उचल, दाबू नकोस. आता तुंबा. कडेने जा. खोल नाही, निम्मं. निम्मं कळतं का तुला?"

"नाही."

"ओठाला लागतं ना तुला सगळं? तेवढं हलकं."

धाकटीने डोळे मिटले. हे कुणी शिकवलं नव्हतं, पण डोळ्यांनी तिला काही कळणार नव्हतं एवढं तिला माहीत होतं. पातं वरच्या कागदात शिरलं. खळीच्या थराला लागल्यावर तिथे चिकट, जडसर वाटलं, आणि खळ तर तिच्या रोजच्या ओळखीची. ती त्या थरावरून गोल गेली. एकदा श्वास संपला, तिने हात थांबवला, दुसरा घेतला. दारावर टकटक झाली. "झालं का?" बाईंनी विचारलं. गोल पुरा व्हायला केसभर राहिलं असताना पातं खाली घसरलं आणि जिभेच्या टोकावरून गेलं.

चाक तिच्या डाव्या हातात आलं. जिभेचं टोक, नखाएवढं, फळीवर पडलं. मशीन हलली. टेबल एका कोपऱ्यात झुकलं, तिथेच थोडं घुटमळलं, आणि पायाची घडी पुन्हा आपल्या जागी बसली.

मशीन उभी राहिली. बहिणी दोघीही उठल्या नाहीत.

बाई आत आल्या त्या थेट शिल्पाकडे गेल्या. भोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं. "चाक?"

ताईने तोंड उघडलं, पण धाकटी आधी बोलली. "चाक निखळून पडलं. पडलेलं माझ्याकडे येतं. ते खाली आहे, माझ्या कामात."

बाईंनी पुन्हा मशीनकडे पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ. मग त्यांनी हमालांना हाक मारली आणि फळी कशी उचलायची ते सांगायला लागल्या. धाकटीने कात्रीचं चाक चुरगळून एप्रनच्या खिशात कोंबलं आणि पेटी घेऊन ती खाली आली.

पावलांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत तिने आधी खरे कपटे लावले, मग त्यांच्यामध्ये खरं चाक ठेवलं. ते नेमकं बसलं. मधला चिरा बोटाने दाबून मिटवता आला असता, वर खळीचा एक हात फिरवला असता तर दिसलाही नसता. तिने तो उघडा ठेवला. पावलं, पायडल, आणि बाजूला ते चिरलेलं चाक. एवढं लावून झाल्यावर कुठे तिला रडू आलं, आणि खळीच्या हाताने डोळे पुसता येईनात म्हणून ती तशीच उभी राहिली.

मागे ताई येऊन उभी होती. ती या खोलीत कधी येत नसे. ती कोलाजपुढे वाकली.

"इथून अशी दिसायची आई?"

"पायच दिसायचे."

"मला कधी दिसले नाहीत," ताई म्हणाली.

वरून हमालांची पावलं वाजली. आता कोलाजही न्यायला येणार होते. धाकटीने डोळे बाहीला पुसले आणि सवयीने तळहात पुढे केला. "तो शेवटचा कपटा दे. जिभेचा. तो राहिला."

ताईने मूठ उघडली. कपटा तिच्याकडेच होता. तिने तो दोन बोटांत धरला, खालच्या ओठाला लावला. हात थरथरत होता, त्यामुळे कपटा ओठावर नुसता फडफडला. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुन्हा लावला.

"उभार जास्त आहे," ती म्हणाली. "जड हात आहे तुझा."

"पहिलाच काप होता माझा. दे इकडे."

ताईने कपटा दिला नाही. तो खिशात टाकला आणि हातही खिशातच ठेवला. "पडेल ते धाकटीचं, असं आई म्हणायची, ते मी कापत होते म्हणून," ती म्हणाली. "आज तू कापलंस."

बाहेर गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न वाजवला. धाकटीने पुढे केलेला हात मागे घेतला.